एका फिर्यादीत तीन दावे

सासवडहून परतताना बोपदेव घाटाच्या उतारावर, रस्त्याच्या कडेला सांडलेल्या खडीवरून पुढचे चाक घसरून आमच्या टोळीतला एक तरुण सायकलस्वार पडला. आणि त्याला सावरून, खांद्याजवळचे हाड मोडले असावे असा अंदाज बांधून, गाडीची वाट पाहत आम्ही सारे येवलेवाडीच्या बाजूच्या एका चहाच्या टपरीवर टेकलो, तेव्हा त्याच्या मांडीवरच्या हेल्मेटकडे प्रत्येकाची नजर पुन्हा पुन्हा वळत होती. उजव्या कानाच्या वरचे कवच खरवडून निघाले होते आणि आतल्या पांढऱ्या थराला नख शिरेल एवढी भेग पडली होती. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे डोक्यावर होतं म्हणून आज तू बोलतोयस." बोलणे साधे होते आणि मायेचे होते, पण चाळीस वर्षे सायकलवरून कारखान्यात गेलेले, आणि त्या चाळीस वर्षांत एकदाही हेल्मेट न घातलेले आमचे नाना तेवढ्यानेही दुखावले. "अहो, हॉलंडात अख्खा देश सायकल चालवतो. कुणाच्या डोक्यावर असतं का हे?" एवढे त्यांनी म्हणायचा अवकाश, की एकाने त्यांना बेजबाबदार ठरवले, दुसऱ्याने ऑस्ट्रेलियाचा दाखला काढला, तिसऱ्याने आपल्या आतेभावाच्या अपघाताची हकीकत सुरू केली, आणि पाच मिनिटांत, ज्या माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांच्या चाकांची पंक्चरे काढली होती, ती माणसे एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. ज्याचे हाड मोडले होते तो मात्र हातातला चहा निवू देत गप्प बसला होता.

हाच वाद, जवळजवळ याच शब्दांत, मेलबर्न, लंडन आणि सिएटल या शहरांतील सायकलस्वार तीस वर्षांहून अधिक काळ घालीत आले आहेत. सायकलवर सारखेच प्रेम असणाऱ्या, एकमेकांच्या जिवाची सारखीच काळजी वाहणाऱ्या माणसांत तो इतका कडवट का व्हावा, याचा विचार करताना मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा, की येथे एकाच फिर्यादीत तीन वेगवेगळे दावे गुंतलेले आहेत. पडल्यावर हेल्मेटमुळे डोक्याची इजा कमी होते काय, हा पहिला. मी स्वतः, माझ्या रस्त्यावर, माझ्या वेगाने जाताना ते घालावे काय, हा दुसरा. आणि सरकारने ते न घालणाऱ्याला दंड करावा काय, हा तिसरा. पहिल्याचा पुरावा प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात मिळतो, दुसऱ्याचा रस्त्यावर आणि स्वतःच्या सवयींत, तिसऱ्याचा संपूर्ण समाजाच्या वर्तनात. एका दाव्याचा पुरावा दुसऱ्या दाव्यात दाखल करण्याची चूक दोन्ही पक्षांकडून होते. टपरीवर आमचा मित्र पहिल्या दाव्यात साक्ष देत होता आणि नाना तिसऱ्या दाव्यात उत्तर देत होते. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटत होता.

पहिल्या दाव्याच्या तपशिलात शिरायचे, तर हेल्मेट हातात घेऊन त्याच्या आत पाहावे. बाहेरचे रंगीत कवच पातळ असते. खरे काम करतो तो आतला थर, म्हणजे दूरदर्शन-संच ज्या थर्मोकोलात बांधून येतो त्याचाच अधिक घट्ट प्रकार. असंख्य सूक्ष्म हवाकोश एकमेकांस चिकटून झालेला हा पदार्थ आघाताखाली चिरडतो, आणि एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. त्या चिरडण्यातच आघाताची शक्ती खर्ची पडते. युरोपात मान्य असलेल्या मानकानुसार हेल्मेटमध्ये डोक्याच्या आकाराचा साचा बसवून तो सुमारे दीड मीटर उंचीवरून पोलादी ऐरणीवर सोडतात, म्हणजे तो ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगाने आदळतो, आणि त्या क्षणी साच्यावर येणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींहून अधिक असू नये अशी अट असते. या अटीमागचे गणित शाळकरी आहे. त्या वेगाने जाणारे डोके दोन मिलिमीटरांत थांबले, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट होतो. तेच डोके दोन सेंटिमीटरांत थांबले, तर तो पंचाहत्तर पटींवर उतरतो. हेल्मेट डोक्याला दुसरे काही देत नाही, थांबायला दोन सेंटिमीटर जागा देते. आणि मेंदूच्या दृष्टीने ही जागा फार मोठी आहे.

परंतु याच गणिताची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; सबब ताशी पन्नास किलोमीटर वेगाच्या आघातात चाचणीच्या साडेसहा पट शक्ती असते, आणि ती पचवण्याइतकी जाडी कोणत्याही सायकल-हेल्मेटात नसते. स्वतःच्या उंचीवरून, स्वतःच्या सायकलवरून, जमिनीवर पडणाऱ्या माणसासाठी हे साधन घडवले आहे; भरधाव ट्रकपुढे सापडलेल्या माणसासाठी नव्हे. मोटारसायकलचे जड, बंदिस्त शिरस्त्राण आणि हे हलके, जाळीदार शिरस्त्राण यांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, एवढ्यामुळेही आपल्याकडील चर्चेत पुष्कळ घोटाळा झालेला आहे.

रुग्णालयीन पुराव्याचा आरंभ बहुतेक जण १९८९ पासून करतात. त्या वर्षी सिएटल येथील संशोधकांनी तेथील पाच रुग्णालयांत आलेल्या सायकलस्वारांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डोक्याला इजा झालेले २३५ रुग्ण एका बाजूस आणि सायकलवरून पडून इतरत्र इजा झालेले रुग्ण दुसऱ्या बाजूस अशी तुलना करता पहिल्यांपैकी अवघ्या ७ टक्के लोकांनी हेल्मेट घातलेले आढळले, दुसऱ्यांपैकी २४ टक्के लोकांनी. यावरून, वय इत्यादी गोष्टींचा हिशेब धरून, हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेची शक्यता ८५ टक्क्यांनी कमी होते असा निष्कर्ष निघाला. आणि हा आकडा पुढे वीस-बावीस वर्षे कायद्याच्या मसुद्यांपासून शाळांच्या भित्तिपत्रकांपर्यंत सर्वत्र वावरत राहिला. त्यात उणीव होती ती अशी, की हेल्मेट घालणारा आणि न घालणारा हे केवळ हेल्मेटापुरते भिन्न नसतात. आईवडिलांबरोबर बागेतल्या वाटेवर चालवणारे मूल आणि रहदारीच्या चौकातून एकटे जाणारे मूल यांच्या डोक्यांची तुलना करताना आपण त्यांच्या रस्त्यांचीही तुलना नकळत करीत असतो. २०१३ मध्ये, राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातील सायकलस्वारांच्या एका संघटनेने रीतसर अर्ज केल्यावर, अमेरिकेच्या दोन केंद्रीय खात्यांनी तो ८५ टक्क्यांचा दावा आपल्या साहित्यातून काढून टाकला.

काढून टाकला, याचा अर्थ हेल्मेट निरुपयोगी ठरले असा अनेकांनी घेतला. आणि तो चुकीचा आहे. २०१६ मध्ये ऑलिव्हियर आणि क्रेटन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी चाळीस अभ्यास, म्हणजे चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार, एकत्र तपासले. त्यात डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे निम्म्याने, आणि गंभीर इजेची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी दिसली. हेल्मेटमुळे मानेला अधिक इजा होते हा जो जुना आक्षेप होता, त्याला आधार मिळाला नाही. पंच्याऐंशी नाही, पण अर्ध्याहून कमीही नाही. पहिल्या दाव्यावर मी तरी निकाल लागला असे मानतो: पडून डोके आपटणार असेल, तर ते हेल्मेटात असलेले बरे.

येथे आमच्या टपरीवरच्या भेगेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुटलेले हेल्मेट दाखवून "याने जीव वाचवला" असे म्हणण्याची चाल सर्वत्र आहे. पण केवळ भेग हा त्या कामगिरीचा भक्कम पुरावा नव्हे. हा पदार्थ चिरडून शक्ती शोषतो. चिरडण्यापूर्वीच तो ठिसूळपणे दुभंगला, तर त्याने फारच थोडी शक्ती शोषलेली असते. म्हणून पाहायचे ते भेगेकडे नव्हे, तर थराची जाडी कुठे कमी झाली आहे याकडे. हे त्या दिवशी, त्या मुलापुढे, मी बोललो नाही, आणि ते बरे झाले. जखमी माणसाची हकीकत ही आकडेवारीतली एक नोंद म्हणून सांगितलेली नसते. आपण जिवंत आहोत याचा आनंद आणि भय दोन्ही त्याच्या बोलण्यात असतात, आणि त्याची उलटतपासणी त्याच जागी घेणारा माणूस बरोबर असूनही कठोर ठरतो.

दुसऱ्या दाव्यात पुराव्याचे स्वरूपच पालटते, कारण येथे माणूस आणि त्याच्या भोवतीची माणसे मधे येतात. इंग्लंडातील बाथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी आपल्या सायकलला बाजूचे अंतर मोजणारे ध्वनिलहरींचे यंत्र बसवले आणि कधी हेल्मेट घालून, कधी उघड्या डोक्याने ते रस्त्यांवरून फिरले; ओलांडून जाणाऱ्या दोन हजारांहून अधिक वाहनांची अंतरे त्यांनी नोंदवली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले, की हेल्मेट घातलेले असताना वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून जातात. आणि लांब केसांचा टोप चढवून पाठमोरे स्त्रीसारखे दिसले, तर अधिक जागा सोडतात. प्रयोगाच्या काळात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडक दिली. दोन्ही वेळा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. हेल्मेट पाहून चालकाला समोरचा सायकलस्वार सराईत वाटतो, आणि सराईताला कमी जागा पुरेल असे तो मनोमन ठरवतो, असे वॉकर यांचे अनुमान होते.

हा प्रयोग हेल्मेटविरोधकांनी ध्वजासारखा मिरवला. मग २०१३ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील ऑलिव्हियर आणि वॉल्टर यांनी तीच आकडेवारी घेऊन पुन्हा तपासली आणि विचारले, की एक मीटरहून जवळचे ते धोक्याचे असे धरले, तर हेल्मेटमुळे काय फरक पडतो? त्यांच्या हिशेबात फरक उरला नाही, कारण ती साडेआठ सेंटिमीटरांची घट मुख्यतः आधीच पुष्कळ अंतर राखून जाणाऱ्या वाहनांत होती. २०१९ मध्ये वॉकर यांनी त्यांना उत्तर दिले. मला या देवघेवीत एक गोष्ट आदराची वाटते: प्रतिपक्षाच्या हाती आपली मूळ मोजमापे देण्यात वॉकर यांनी आडकाठी केली नाही, आणि प्रतिपक्षाने त्यांना लबाड म्हटले नाही. मतभेद राहिला, पण तो कोणत्या आकड्याला धोका म्हणायचे या नेमक्या बिंदूवर येऊन राहिला. इंग्लंडच्या रस्त्यांवरचे हे अंतर आपल्या रस्त्यांना लागू करण्याचे धाडस मी करणार नाही. जिथे रिक्षाचा आरसा कोपराला घासून जातो, तिथे सेंटिमीटरांचा हा हिशेब निराळाच असणार.

नानांच्या हॉलंडचा मुद्दा याच दाव्यात येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या देशात रोजच्या प्रवासांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक सायकलवर होतात आणि बाजाराला, शाळेला, कचेरीला जाणारे लोक बहुतांशी उघड्या डोक्याने जातात. पण त्याच देशात रविवारी वाकड्या दांड्याची हलकी सायकल घेऊन वेगाने जाणारा हौशी शर्यतवाला बहुधा हेल्मेट घालूनच निघतो. त्यामुळे तेथील रुग्णालयांत येणाऱ्या जखमींत हेल्मेटधाऱ्यांचे प्रमाण रस्त्यावरील प्रमाणापेक्षा जास्त दिसते, आणि यावरून हेल्मेटच घातक असा विचित्र निष्कर्ष काढणारेही मी पाहिले आहेत. डच माणूस वेगाप्रमाणे आणि वाटेप्रमाणे ठरवतो. ती वाट त्याला कुणी आयती दिली नाही. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आणि 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहून आयाबाप रस्त्यांवर येऊन बसले, तेव्हा पुढल्या दशकांत सायकलींचे स्वतंत्र मार्ग, मंद वेगाच्या वस्त्या आणि सायकलस्वाराला सांभाळून घेणारी चौकांची रचना क्रमाक्रमाने आली. नानांनी हॉलंडचे उघडे डोके पाहिले. त्या डोक्याखालचा रस्ता आपल्याकडे आणायला कुणी रस्त्यावर बसले नाही, हे माझे दुःख आहे, आणि ते नानांचेही आहे.

स्वतःपुरते विचारले, तर मी घाटात, पावसात, अंधारात आणि टोळीतून वेगाने जाताना हेल्मेट घालतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाताना बहुधा घालत नाही. यात तर्कशुद्धता थोडी आणि सवय जास्त आहे हे मी जाणतो. एवढे मात्र निश्चित, की हेल्मेट नाही म्हणून सायकल घरी ठेवून स्कूटर काढणे हा सौदा बुडीत खात्याचा आहे. नेदरलँड्समधील परिस्थिती धरून २०१० मध्ये केलेल्या एका गणिती अभ्यासात, मोटार सोडून सायकल धरणाऱ्याच्या आयुष्यात व्यायामामुळे तीन ते चौदा महिन्यांची भर पडते आणि अपघातांच्या वाढीव धोक्यामुळे सरासरी पाच ते नऊ दिवस वजा होतात, असा हिशेब निघाला होता. आपल्या रस्त्यांवर वजाबाकी मोठी असेल. तरी बेरीज-वजाबाकीची दोन्ही पाने उघडी ठेवूनच बोलले पाहिजे.

आणि आता तिसरा दावा, ज्यात सर्वाधिक विष आहे.

१ जुलै १९९० रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताने, सर्व वयांच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे करणारा कायदा जगात प्रथम अमलात आणला. पाठोपाठ इतर प्रांत आले, आणि १९९४ च्या आरंभी न्यूझीलंडही आले. व्हिक्टोरियात हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले. प्रथमदर्शनी हा कायद्याचा विजय होता, आणि रुग्णालयांतील डोक्याच्या इजाही घटल्या. परंतु कायद्याच्या आधी आणि नंतर, मेलबर्नच्या त्याच त्या ठिकाणी उभे राहून सायकली मोजणाऱ्या शिरगणती झाल्या होत्या, आणि डोरोथी रॉबिन्सन या संख्याशास्त्रज्ञ विदुषीने १९९६ मध्ये त्या तपासून जे दाखवले ते अस्वस्थ करणारे होते: हेल्मेट घालणाऱ्या मुलांच्या संख्येत जेवढी वाढ झाली, तिच्या पंधरा पट मुले सायकलवरून नाहीशी झाली होती. न्यू साउथ वेल्समध्ये हेच प्रमाण सव्वादोन पटींच्या आसपास होते. टक्केवारी वाढली ती मुख्यतः मुलांनी डोक्यावर हेल्मेट चढवल्यामुळे नव्हे. ज्यांना ते चढवायचे नव्हते त्यांनी सायकलच सोडल्यामुळे.

ही पंधरा पट मला फार वेळ सतावत राहिली. त्या मुलांतील प्रत्येकाने कायद्याचा निषेध म्हणून सायकल ठेवली असे नव्हे. एखाद्याचे हेल्मेट हरवले असेल, एखादीला केस विस्कटणे नको वाटले असेल, एखाद्या बापाला दंडाची पावती परवडली नसेल. कारणे किरकोळ, पण रस्त्यावरच्या सायकली विरळ झाल्या, की उरलेल्यांचा धोका वाढतो. अमेरिकेतील पीटर जेकबसेन यांनी २००३ मध्ये अनेक गावांची आकडेवारी जुळवून दाखवले होते, की सायकलस्वार दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, सुमारे एकतृतीयांशानेच वाढतात, म्हणजे प्रत्येकाचा धोका एकतृतीयांशाने घटतो. कारण चालकाला सायकल पाहण्याची सवय लागते. हे गणित उलटही चालते. अर्थात दुसऱ्या बाजूची सबळ हरकत अशी, की व्हिक्टोरियात त्याच सुमारास वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे आणि मद्यपी चालकांविरुद्धची मोहीमही सुरू झाली होती, तेव्हा इजा घटल्याचे श्रेय आणि सायकली घटल्याचा दोष दोन्ही एका कायद्याच्या खात्यावर टाकणे धाडसाचे आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनसारखी डॉक्टरांची संस्थाही दीर्घकाळ सक्तीच्या विरोधात राहून २००४ मध्ये सक्तीच्या बाजूला गेली. तेव्हा या दाव्यात माझ्या विरुद्ध मत असणारा मनुष्य अडाणी आहे, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

माझे मत मात्र आहे, आणि ते सक्तीच्या विरुद्ध आहे. न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये हेल्मेट न घालण्याचा दंड ७१ डॉलरांवरून एकदम ३१९ डॉलरांवर नेला. मेलबर्नमध्ये २०१० साली सुरू झालेली भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजना, दुकानांत पाच डॉलरांत हेल्मेटे विकायला ठेवूनही, २०१९ मध्ये बंद करावी लागली. उलट मेक्सिको शहराने तशीच योजना आणताना २०१० मध्ये आपली सक्ती मागे घेतली. सर्वांत बोलका दाखला सिएटलचा, म्हणजे ज्या शहरातून ८५ टक्क्यांचा आकडा निघाला त्याच शहराचा. तेथील किंग परगण्याच्या आरोग्य मंडळाने २०२२ मध्ये आपला हेल्मेट-हुकूम रद्द केला. कारण पोलिसांचे दप्तर तपासता या हुकुमाखाली बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांना प्रमाणाबाहेर अडवले जात असल्याचे निष्पन्न झाले होते. हेल्मेट घालू नका असे त्या मंडळाने म्हटले नाही. घालाच असा त्याचा आग्रह कायम राहिला. पहिला दावा मान्य करून तिसरा फेटाळता येतो, हे तेथे कागदोपत्री सिद्ध झाले.

आपल्याकडे 'हेल्मेटसक्ती' हा शब्द पुण्यात गाजला तो मोटारसायकली आणि स्कूटरींच्या संदर्भात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मोटारसायकलपुरते आहे. सायकलस्वाराला ते लागू नाही. पण स्कूटरवरच्या सक्तीच्या वेळी मनात साचलेला राग सायकलच्या चर्चेत जसाच्या तसा ओतला जातो, आणि मग वेग, वजन, धोका यांतील सारा फरक त्यात वाहून जातो. जुन्या पिढीला आठवत असेल, की नगरपालिकेचा सायकल-बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली, तर हवालदार सायकल अडवीत असे आणि कधी चाकातली हवा सोडून देत असे. त्या अमलाचा जाच मोटारवाल्याला झाला नाही, गवळ्याला, गिरणीकामगाराला आणि पेपर टाकणाऱ्या पोराला झाला. आज मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर, दप्तर मागे बांधून, कडेच्या मातीतून शाळेला जाणाऱ्या मुली मी विदर्भ-मराठवाड्यात पाहतो, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असावे असे मला मनापासून वाटते. पण ते नाही म्हणून त्यांना कुणी हात दाखवून थांबवावे, आणि उद्यापासून घरच्यांनी त्यांना धाडूच नये, ही कल्पना मला सहन होत नाही.

कायद्याची सक्ती आणि संस्थेचा नियम यांत मात्र भेद केला पाहिजे. व्यावसायिक शर्यतींत आंतरराष्ट्रीय सायकल संघाने १९९१ मध्ये हेल्मेट सक्तीचे करू पाहिले, तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत खेळाडूंनीच बंड केले आणि नियम बारगळला. १९९५ मध्ये टूर द फ्रान्सच्या एका उतारावर फाबियो कासार्तेल्ली हा ऑलिंपिक विजेता उघड्या डोक्याने पडून गेला. तरी नियम आला नाही. २००३ मध्ये त्याच पॅरिस–नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला, दुसऱ्या दिवशी मरण पावला, आणि त्या वर्षी सक्ती आली. आरंभी अंतिम चढावर हेल्मेट काढण्याची सवलत ठेवून. स्वेच्छेने सामील झालेल्या, वेगाची बाजी लावणाऱ्या मंडळींनी एकमेकांसाठी केलेला नियम आणि दुधाची किटली लावून निघालेल्या माणसावर लादलेला दंड यांची जात निराळी आहे. आमच्या टोळीनेही त्या अपघातानंतर बसून ठरवले: घाटाच्या आणि लांब पल्ल्याच्या सफरीला हेल्मेट हवेच; पण पहिल्यांदा येणारा कुणी सपाटीच्या फेरीला हेल्मेटाविना आला तर त्याला परत धाडायचे नाही, जादा असलेले एखादे पुढे करायचे आणि त्याने नाकारले तर विषय तिथेच सोडायचा.

त्या बैठकीत मी एक न्यायालयीन प्रकरण सांगितले होते. २००९ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात, हेल्मेट न घातलेल्या एका सायकलस्वाराला मोटारसायकलची धडक बसल्याचा खटला चालला. न्यायमूर्तींनी एका बाजूने असे मानले, की हेल्मेट न घालणाऱ्याने आपल्या इजेला काही अंशी हातभार लावला असे म्हणता येऊ शकेल; पण मग त्यांनी स्वतंत्रपणे विचारले, की या माणसाची ही इजा हेल्मेटमुळे टळली असती काय? आघाताच्या स्वरूपावरून तसे सिद्ध होत नव्हते, म्हणून भरपाईतून एक पैही कापली गेली नाही. आपल्याकडे अपघाताच्या बातमीच्या शेवटी "मृताने हेल्मेट घातले नव्हते" एवढे एक वाक्य सहज जोडले जाते, ट्रकखाली छाती चिरडून मेलेल्या माणसाच्या बातमीलाही, आणि त्या एका वाक्याने चालकाचा गुन्हा, रस्त्याची दुरवस्था आणि बांधकाम खात्याची हयगय सारे मृताच्या माथ्यावर येऊन बसते. नानांचा संताप मुळात या वाक्यावर होता. त्यांचा एक जिवलग सोबती असाच गेला होता, हे त्यांनी त्या बैठकीत प्रथमच सांगितले.

हाड जुळल्यावर तो तरुण परत आला, नवे हेल्मेट घालून. जुने त्याने पिशवीतून आणले होते. सफर संपल्यावर नानांच्या अंगणात आम्ही ते करवतीने मधोमध कापले. हेल्मेट त्याने धरले होते आणि करवत नाना चालवीत होते. पांढरा भुसा दोघांच्या हातांना चिकटत होता. कापलेल्या कडेवर नानांनी कारखान्यातल्या सवयीने आपले कॅलिपर लावले. डाव्या बाजूला थर अंगठ्याएवढा जाड होता. उजव्या बाजूला, भेगेपासून दोन बोटे वर, जिथे बाहेरून काहीच दिसत नव्हते, तिथे तो दबून जेमतेम निम्मा उरला होता. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही जागा पुन्हा एकदा मोजल्या, आणि तो दबलेला भाग अंगठ्याने चाचपीत त्याला विचारले, "इथंच का रे, लागला होता मार?"